जाड कवच की सिलिकाचा लेप? क्वांटम डॉट उन्हात टिकवायचे तर

गेल्या महिन्यात देवगडकडच्या एका कॉलेजातून एका तरुण प्राध्यापिकेचा फोन आला. त्यांनी कॉपर इंडियम सल्फाईडचे क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे चमकणारे अर्धवाहक कण, केले होते. केशरी रंग सुरेख आला होता, पण खिडकीत ठेवलेली नमुन्याची काच महिन्याभरात निम्मी विझली होती. "सर, यावर सिलिका चढवू की झिंक सल्फाईडचं कवच जाड करू? दोन्ही करून बघायला माणसं नाहीत, विद्यार्थी एकच आहे." फोनवर जे तुटक सांगितलं ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं. हीच निवड मला रत्नागिरीत करावी लागली होती, आणि तेव्हा कुणी समोर बसून चार गोष्टी सांगितल्या असत्या तर माझा एक अख्खा पावसाळा वाचला असता.

क्वांटम डॉट म्हणजे काय आणि आकार बदलला की रंग का बदलतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरतो. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं तेव्हा ते सगळं वर्तमानपत्रांतूनही येऊन गेलं. माझं काम कशासाठी होतं तेवढं मात्र आधी सांगायला हवं, कारण निवड त्यावरच ठरते. मला करायची होती ऊन गोळा करणारी, म्हणजे संकलक, काच. दोन काचांमध्ये डॉट मिसळलेला पारदर्शक थर असतो. डॉट ऊन शोषून केशरी-लाल उजेड सोडतात, तो उजेड काचेच्या आतल्या आत परावर्तित होत कडेला पोचतो आणि कडेला सौर घटाची अरुंद पट्टी लावलेली असते. म्हणजे मला दोन गोष्टी हव्या होत्या: थर काचेसारखा नितळ हवा, आणि तो कोकणातल्या उन्हात टिकायला हवा. ज्यांना डॉट पाण्यात घालायचे आहेत त्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी शेवटी लिहिलं आहे.

कॅडमियम मी सुरुवातीलाच सोडलं. कॅडमियम सेलेनाईडवर सगळ्यात जास्त काम झालंय आणि त्याचा रंगही जास्त रेखीव येतो, हे खरं. पण गच्चीवरची काच फुटली, त्यावरून पावसाचं पाणी वाहिलं, ते परसातल्या विहिरीत किंवा खाडीत गेलं, हे चित्र मला डोळ्यांसमोरून घालवता येईना. युरोपात विजेच्या उपकरणांमध्ये कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का आहे, ती उगाच नाही. कॉपर इंडियम सल्फाईडचा उजेड रुंद पट्ट्याचा असतो, टीव्हीच्या पडद्याला तो चालत नाही. संकलक काचेला त्याने काही बिघडत नाही. उलट हे डॉट शोषतात एका रंगात आणि सोडतात त्यापासून बऱ्याच दूरच्या रंगात, त्यामुळे शेजारच्या डॉटने सोडलेला उजेड पुन्हा गिळत बसत नाहीत. कडेपर्यंत पोचायला हेच लागतं.

विझतात का

दोन्ही उपाय समजून घ्यायचे तर आजार कळला पाहिजे. डॉटवर प्रकाश पडला की आत एक इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि त्याच्या जागी धन पोकळी राहते. दोघं पुन्हा भेटले की उजेड निघतो. पण डॉट इतका लहान असतो की त्यातले पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच असतात, आणि ही जोडी पृष्ठभागापर्यंत सहज पोचते. तिथे ऑक्सिजनचा रेणू चिकटलेला असेल तर इलेक्ट्रॉन त्याच्याकडे जातो. मागे उरलेली पोकळी पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडेशन करते, किंवा डॉटला धरून बसलेल्या थायॉलचं, म्हणजे टोकाला गंधक असलेल्या सेंद्रिय रेणूंचं. थायॉलचे दोन रेणू एकमेकांना जुळून डायसल्फाईड होतात आणि गळून पडतात. जिथून ते गळले तिथे उघडा अणू राहतो, तो पुढच्या जोडीला अडकवतो, आणि तो डॉट विझतो. प्रकाश, ऑक्सिजन आणि ओल तिघं एकत्र आले की हे झपाट्याने होतं. कोकणात यातलं काय कमी आहे?

एक सावधगिरी इथेच सांगतो. पहिल्या काही दिवसांत नमुना उन्हात ठेवल्यावर बऱ्याचदा जास्तच उजळतो. प्रकाशाने आणि थोड्या ओलीने पृष्ठभागावरचे काही दोष झाकले जातात, त्याचा हा परिणाम. मी पहिल्या आठवड्यात आनंदून गेलो होतो. पंधरा दिवसांच्या आत कुठलाही निष्कर्ष काढू नका. आणि एक जुळा नमुना कपाटात अंधारात ठेवा. अंधारातलाही विझला तर दोष उन्हाचा नाही. मग धुताना लिगँड (डॉटच्या पृष्ठभागाला धरून बसलेले असे रेणू) गळाले असतील किंवा पॉलिमरमधलं काही नडलं असेल, आणि कवचाची चर्चा त्यानंतर करायची.

सिलिका मला आधी का पटली

खरं सांगायचं तर मी सुरुवात सिलिकापासून केली, आणि माझं कारण मला तेव्हा फार पक्कं वाटलं होतं. क्वांटम डॉट पहिल्यांदा सापडले ते काचेतच. १९८१ मध्ये अलेक्सेई एकिमोव यांनी रंगीत काचेत कॉपर क्लोराईडचे बारीक स्फटिक वाढवून त्यांचा आकारानुसार बदलणारा रंग दाखवला. काचेत बंद झालेल्या कणाला हवा लागत नाही. मग आपल्या प्रत्येक डॉटभोवती काच का गुंडाळू नये? सिलिका म्हणजे काचेचाच मुख्य घटक. शिवाय १९६८ मध्ये श्टोबर यांनी सिलिकाचे एकसारखे गोळे करायची जी पद्धत दिली, तिच्याच नात्यातली कृती इथे लागते. सायक्लोहेक्झेनमध्ये इगेपाल नावाचा साबणासारखा पदार्थ घालायचा, त्यात डॉट, थोडं अमोनियाचं पाणी आणि टीईओएस (ज्यापासून सिलिका तयार होते ते द्रवरूप रसायन). पाण्याचे सूक्ष्म थेंब तयार होतात आणि त्यांच्यात डॉटभोवती सिलिका साचत जाते. एक-दोन दिवस मंद ढवळत ठेवलं की काम झालं.

यातली सोय कोकणातल्या कॉलेजला फार मोलाची आहे. सगळं खोलीच्या तापमानाला होतं. आर्गॉनचं सिलिंडर लागत नाही, हीटिंग मँटल लागत नाही, लाईट गेली तर ढवळणारा चुंबक थांबतो एवढंच. एम.एस्सी.च्या मुलांच्या हातात निर्धास्त देता येतं. अमोनियाची बाटली तेवढी सांभाळा. आपल्याकडच्या मे महिन्यात उघडझाप करत वापरलेली बाटली आषाढापर्यंत पुष्कळ मवाळ झालेली असते, आणि अमोनिया कमी पडला की गोळे वेगळ्याच आकाराचे येतात. मी लहान बाटल्या मागवून ते सोडवलं.

पण जी सिलिका आपण फ्लास्कमध्ये वाढवतो ती भट्टीतली काच नव्हे. भट्टीतली काच हजार अंशांच्या पुष्कळ वर वितळून एकसंध होते. आपली सिलिका पाण्यात जुळत आलेली जाळी असते. तिच्यात सूक्ष्म छिद्रं राहतात, न जुळलेली हायड्रॉक्सिलची टोकं राहतात, आणि ऑक्सिजनचा रेणू जेमतेम ०.३५ नॅनोमीटरचा, त्यामुळे तो वाट काढतोच. ती जाळी घट्ट करायची तर कित्येकशे अंशांना भाजावी लागते, तेवढ्यात डॉटचंच वाटोळं होतं. आपल्याकडे चिऱ्याचं घर असलेल्या माणसाला हे लगेच कळेल. दीड फुटी भिंत असते, तरी श्रावणात आतून हात लावला की ओल लागते. जांभा जाड असतो, पण सच्छिद्र असतो. आणि वर बोटभरही जाडी नसलेलं कौल पाणी अडवून धरतं. सिलिकाचा थर दहा-वीस नॅनोमीटरचा सहज होतो, झिंक सल्फाईडचा एक थर ०.३१ नॅनोमीटरचा. आकडे बघून मी जाडीला भुललो.

लेप चढवताना आणखी एक होतं. डॉटला धरून बसलेले लांब शेपटीचे लिगँड सुटतात आणि त्यांच्या जागी सिलिकाचे रेणू येतात. या अदलाबदलीत चमक उतरते. किती उतरते हे घाण्यागणिक बदलतं. माझ्याकडे काही घाण्यांत नगण्य उतरली, काहींत डोळ्यांना कळेल इतकी. पातळ कवचाच्या डॉटवर थेट सिलिका चढवली तर मार जास्त बसतो, हे मी छातीठोकपणे सांगत नाही, पण माझा अनुभव तसा आहे.

दुधी काच

तरीही मी कदाचित सिलिकाबरोबरच राहिलो असतो. या सगळ्यावर उपाय निघतात. ज्याने मला वळवलं ती गोष्ट दिसायला किरकोळ आहे: थर दुधी होणं.

सिलिकाचे गोळे पाण्याकडे ओढ असलेले असतात. ते धुवायचे असतात, कारण इगेपाल आत राहिलं तर पुढे त्रास देतं. अ‍ॅसिटोन घालून तोडा, सेंट्रीफ्यूज करा, इथेनॉलमध्ये पुन्हा मोकळे करा, पुन्हा फिरवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर तळाला बसलेला साका पूर्ण मोकळा होतच नाही. एकदा का तो कोरडा पडला, की गोळे एकमेकांना असे चिकटतात की अल्ट्रासॉनिकमध्ये कितीही वेळ ठेवा, ढग उरतोच. आता हा साका तेलकट स्वभावाच्या पॉलिमरमध्ये मिसळायचा. सुटा गोळा पॉलिमरमध्ये फारसा दिसत नाही, कारण दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा आहे. पण शंभर गोळ्यांची गुठळी उजेड विखुरते. संकलक काचेत विखुरणं म्हणजे कडेकडे निघालेला उजेड अर्ध्या वाटेत बाहेर सांडणं. डॉट कितीही टिकाऊ असले तरी काच निकामी.

त्यातून मी हे करत होतो जुलै-ऑगस्टमध्ये. पॉलिमर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर ओतायचो. क्लोरोफॉर्म भराभर उडतं, उडताना थर गार पडतो, आणि भरपावसातल्या हवेतली वाफ त्या गार थरावर दवासारखी बसते. थर वाळतो तो पांढुरका होऊनच. रंगकाम करणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असतो, पावसाळ्यात पॉलिश मारलं की फर्निचरवर पांढरं येतं ते हेच. म्हणजे माझ्या काचेवर दोन प्रकारचं दूध होतं, एक गुठळ्यांचं, एक हवेचं. कुठलं कुठलं हे ओळखण्यात माझे कितीतरी आठवडे गेले. एकदा आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी काच उजेडासमोर धरून विचारलं, "सर, ह्याच्यावर ताक सांडलंत की काय?" त्यांनी ते अगदी काळजीने विचारलं होतं. मी ती काच अजून ठेवली आहे.

हवेचं दूध सुटलं. क्लोरोफॉर्मऐवजी टोल्युईन घेतलं, काच हॉट प्लेटवर कोमट ठेवली, वर पालथी पेट्री डिश झाकली, आणि थर नितळ आला. पण डॉट न घातलेला थर नितळ, पातळ कवचाच्या साध्या डॉटचा बऱ्यापैकी नितळ, आणि सिलिकावाला मात्र दुधीच. तेव्हा कळलं की उरलेलं दूध सिलिकाचं आहे. त्यावरही औषध आहे: शेवटी लांब शेपटीचं सिलेन (सिलिकाला चिकटणारं सिलिकॉनचं संयुग), ऑक्टाडेसिल ट्रायमेथॉक्सी सिलेन, चढवून गोळ्यांना तेलकट करायचं. ते केलं, फरक पडला, पण घाणा कधी साधे कधी नाही, कारण त्या सिलेनलाही हवेतलं पाणी लागतं आणि पाणी जास्त झालं तर ते आपसांतच जुळून बसतं. दर घाण्याला बाहेरच्या पावसाकडे बघून प्रमाण ठरवायची पाळी आली. गणपतीच्या सुट्टीत घरी बसून वही वाचली तेव्हा दिसलं, की मी दोन महिने डॉट टिकवण्याचं काम केलंच नव्हतं. गुठळ्या मोडण्यातच सगळा वेळ गेला होता.

जाड कवच, त्याच्या कटकटींसकट

झिंक सल्फाईडचं कवच ही कल्पना जुनी आहे. १९९६ मध्ये हाइन्स आणि गियो-सियोनेस्ट यांनी कॅडमियम सेलेनाईडवर ते चढवून खोलीच्या तापमानाला ५० टक्क्यांच्या आसपास क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या उजेडापैकी परत सोडलेल्या उजेडाचा वाटा, दाखवलं. जाड कवचाचा जोर २००८ नंतर वाढला, जेव्हा लॉस अलामोस आणि पॅरिसमधल्या गटांनी कॅडमियम सल्फाईडचं भरपूर जाड कवच देऊन डॉटचं लुकलुकणं जवळजवळ थांबवलं. तत्त्व सोपं आहे. झिंक सल्फाईडची ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी ऊर्जा) साधारण ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आतल्या गाभ्याची १.५ च्या आसपास. ही जोडी मधल्या खड्ड्यात अडकते आणि भिंत चढून पृष्ठभागाकडे जाऊ शकत नाही. बाहेर ऑक्सिजन असेना का, त्याच्या हाती इलेक्ट्रॉन लागत नाही. सिलिका ऑक्सिजनला बाहेर ठेवू बघते, जाड कवच जोडीला आत ठेवतं. मला दुसरा मार्ग जास्त खात्रीचा वाटतो.

कॉपर इंडियम सल्फाईडला इथे नशिबाची साथ आहे. कॅडमियम सेलेनाईड आणि झिंक सल्फाईड यांच्या स्फटिकजाळ्यांत १२ टक्क्यांच्या आसपास फरक आहे, त्यामुळे कवच जाड केलं की ताण येऊन ते उलतं. कॉपर इंडियम सल्फाईडशी फरक साधारण २ टक्के. एकाच विणीत धागा बदलावा तसं कवच पुढे वाढत जातं. उघडा गाभा मिणमिणता असतो, कवच चढल्यावर त्याच फ्लास्कमधला द्रव टॉर्चखाली पेटल्यासारखा दिसतो. तो क्षण पहिल्यांदा बघणाऱ्या मुलांचे चेहरे मला फार आवडतात. रंग मात्र लालाकडून केशरीकडे सरकतो, कारण थोडं जस्त गाभ्यातही शिरतं. आधीच थोडा जास्त लाल गाभा करून ठेवा.

कृती अशी: कॉपर आयोडाईड, इंडियम अ‍ॅसिटेट आणि डोडेकेनथायॉल एकत्र तापवून गाभा. डोडेकेनथायॉल गंधकही पुरवतं आणि लिगँडचंही काम करतं. मग झिंक स्टिअरेट ऑक्टाडेसीनमध्ये विरघळवून २१०-२३० अंशांना थेंबथेंब, तासन्‌तास. घाई केली की झिंक सल्फाईड कवच व्हायच्या ऐवजी स्वतःचेच वेगळे कण करतं. मी दोन दिवस दोन हप्त्यांत घालतो.

आता कटकटी. पहिली वासाची. डोडेकेनथायॉलचा वास गॅसच्या वासाच्या नात्यातला आहे, कारण स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून घालतात तोही एक थायॉलच, इथाईल मरकॅप्टन. डोडेकेनथायॉल त्याच्याएवढं उग्र नाही, पण ओल्या जड हवेत वास खाली रेंगाळतो. एकदा शेजारच्या इमारतीतून माणूस धावत आला होता, सिलिंडर लीक आहे म्हणून. तेव्हापासून वापरलेली भांडी फ्यूम हूडमध्येच ब्लीचच्या द्रावणात बुडवतो आणि हातमोजेही त्याच डब्यात. दुसरी कटकट आर्गॉनची. सिलिंडर घाटावरून येतं आणि पावसात दरड कोसळली की थांबतं. आगोटीच्या सामानाबरोबर मे महिन्यातच एक भरलेलं सिलिंडर घेऊन ठेवावं, हे मी एकदा अडकल्यावर शिकलो. नायट्रोजन चांगला कोरडा मिळत असेल तर तोही चालतो.

तिसरी विजेची, आणि ही खरी. दापोली-मंडणगडकडच्या लोकांना २०२० च्या निसर्ग वादळानंतर किती दिवस अंधारात काढले ते आठवत असेल. नेहमीच्या दिवसांतही मिरगाचा पहिला वारा सुटला की आमच्याकडे लाईट जाते. कवच चढवताना अर्ध्यात फ्लास्क गार झाला तर स्टिअरेट मेणासारखं गोठतं. पुन्हा तापवून पुढे नेता येतं, मी नेलं आहे, पण त्या घाण्याचा रंग थोडा विसविशीत आला. आता ढवळण्याचं यंत्र इन्व्हर्टरवर आहे आणि कवचाची कामं मी दिवाळी ते शिमगा या दिवसांत उरकतो. कॉलेजच्या वेळापत्रकात हे बसवणं अवघड आहे, हे मान्य. ज्यांच्याकडे आर्गॉनची सोय नाही किंवा फ्यूम हूड नावापुरता आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये असंच मी म्हणेन.

गच्चीवर

माझ्याकडे प्रमाणित सौर सिम्युलेटर नाही. माझा प्रयोग असा होता: एकाच गाभ्याचे तीन नमुने, पातळ कवच, पातळ कवचावर सिलिका, आणि जाड कवच. प्रत्येकी दोन, एक गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून, एक कपाटात. दर शनिवारी संध्याकाळी सगळे काळ्या खोक्यात निळ्या टॉर्चखाली ठेवून त्याच मोबाईलने त्याच सेटिंगवर फोटो. प्रकल्प-अहवालात हे पुरेसं नाही, हे कळतं. पण डोळ्यांना जे दिसलं त्यात शंका नव्हती. होळीपर्यंत पातळ कवचाचा नमुना कपाटातल्या जोडीदारापुढे फिका पडला होता. सिलिकाचा त्याच्यापेक्षा बरा होता, आणि हे सिलिकाच्या बाजूने नक्की सांगतो, लेपाने काहीच होत नाही असं अजिबात नाही. जाड कवचाचा मे अखेरीस उतरवला तेव्हा मी आणि माझा विद्यार्थी दोघंही दोन फोटोंतला कपाटातला कोणता हे ओळखू शकलो नाही.

एक गोष्ट मात्र फिक्या पडलेल्या दोन्ही नमुन्यांत सारखी दिसली. फिकेपणा कडेकडून आत सरकत होता, काचेला बारीक फिकट किनार आल्यासारखा. मी कडा सिलिकॉन सीलंटने बंद केल्या होत्या. सिलिकॉन पाणी अडवतं पण वाफ आणि ऑक्सिजन त्यातून आरामात जातात. नंतर ब्युटाईल रबरची पट्टी वापरली. हेच रबर गाडीच्या ट्यूबला वापरतात, हवा धरून ठेवतं म्हणून. त्यानंतर किनार येणं पुष्कळ मंदावलं. इपॉक्सीने कडा भरणारे आहेत, पण उन्हात ते पिवळं पडतं आणि माझ्या कामात नेमकी कडाच स्वच्छ हवी होती. तुम्ही कुठलाही मार्ग घ्या, कडेची पट्टी मात्र नीट निवडा. माझ्या हिशेबात तिने सिलिकाच्या लेपाएवढा तरी फरक पाडला.

पॉलिमरही मग बदलला. लॉरिल मेथाक्रिलेट द्रवरूपातच घेऊन त्यात डॉट मिसळायचे, सोबत थोडं जोडणी करणारं रसायन, आणि दोन काचांमध्ये भरून अतिनील दिव्याखाली घट्ट करायचं. इथे उडून जाणारं द्रावकच नाही, त्यामुळे पावसाळ्यातही थर दुधी होत नाही. लॉरिलच्या लांब शेपट्यांत डॉटच्या लांब शेपट्या सहज मिसळतात. थर घट्ट होताना जे मुक्त मूलक तयार होतात ते पातळ कवचाच्या डॉटला तिथल्या तिथे जखमी करतात, जाड कवच ते सोसतं. आणि सिलिकाचे गोळे लॉरिलमध्ये तळाला बसतात. माझ्यापुरता तराजू इथे पुरता झुकला.

मग सिलिका कुणी घ्यावी

पाण्यात काम असेल त्यांनी. माझी एक मैत्रीण माशांच्या ऊतींवर काम करते, तिला मी जाड कवचाचे डॉट दिले तर तिला त्यांचे तेलकट लिगँड बदलावे लागतील आणि त्यात चमकही जाईल. सिलिकाच्या पृष्ठभागावर अमाईन बसवणं सोपं, त्यावर प्रतिपिंड जोडणं सोपं, आणि धातूचे आयन बाहेर झिरपणंही कमी होतं. तासा-दोन तासांच्या सूक्ष्मदर्शकाच्या कामाला उन्हातले महिने मोजायचेच नसतात. फक्त खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवायचा संवेदक करत असाल तर लक्षात घ्या, समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी आणि सिलिकासाठी भुकेलं असतं, असा पातळ अस्फटिकी थर ते हळूहळू विरघळवतं.

दोन्ही एकावर एक चढवणारेही आहेत, आधी जाड झिंक सल्फाईड, मग सिलिका. अदलाबदलीत चमक उतरण्याची भीती त्यात कमी होते, आणि माणसं असती तर मीही करून बघितलं असतं. अ‍ॅल्युमिनाचा अणूथर चढवण्याची पद्धत मी विचारातच घेतली नाही. ट्रायमेथाईल अ‍ॅल्युमिनियम हवेत येताच पेट घेतं, आणि तशा यंत्राची देखभाल आमच्याकडे शक्य नव्हती.

देवगडच्या मॅडमना मी शेवटी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे फ्यूम हूडचा पंखा खरंच हवा ओढतो का, तोंडाशी टिश्यू पेपर धरून बघितलंत का? ओढत असेल तर दिवाळीनंतर कवच जाड करायला घ्या, आणि तोवर आहेत तेच डॉट लॉरिलमध्ये भरून ब्युटाईलच्या पट्टीने बंद करून खिडकीत ठेवा. ओढत नसेल तर सिलिकाच करा, शेवटी लांब शेपटीचं सिलेन चढवा, आणि धुतल्यावर साका कोरडा पडू देऊ नका. तळाला थोडं इथेनॉल असतानाच पुढचं द्रावक घाला.

त्या म्हणाल्या, पंखा आवाज तर खूप करतो, उद्या कागद धरून बघते.